सुटला, सोडला, राहिला

बाबांच्या तोंडात चुका होत्या, म्हणून त्यांना लगेच ओरडता आलं नाही. तेवढ्या वेळात मुंगीने आपलं वाक्य सुधारून घेतलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ऐन वेळी अवसान गळायचं हा तिचा जुना स्वभाव, त्याला कोण काय करणार!

चुका म्हणजे ते बारीक खिळे. सोफ्यांना कापड चढवणारा कारागीर ते चिमूटभर तोंडात धरतो, जिभेने एकेक ओठांवर आणतो, हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकाने उचलतो आणि ठोकतो. आता सगळीकडे पिना मारायची बंदूक आली आहे, पण बाबांचा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. त्यामुळे दिवसातला बराच वेळ ते मुके असतात आणि आई म्हणते, तेवढीच या घराला शांतता.

मुंगी ही त्यांची एकुलती एक लेक. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणी आपल्याहून मोठं दप्तर ओढत शाळेत निघायची, तेव्हापासून घरी आणि गल्लीत ती मुंगीच. आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. त्या दुपारी ती कॉलेजमधून थेट दुकानात आली, उलट्या ठेवलेल्या खुर्चीच्या पायाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तो स्टॅट्सचा विषय... सुटला एकदाचा."

वाटभर तिने घोकलं होतं ते वेगळंच. 'बाबा, मी विषय सोडला. जमत नव्हता म्हणून सोडला.' बसमध्ये पुटपुटून पाहिलं होतं, दुकानाच्या कोपऱ्यावर पुन्हा एकदा. पण बाबांनी हातोडी थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि जिभेने दगा दिला. त्या कटकटीतून मी सुटले, एवढंच मला म्हणायचं होतं, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. आता सोडला म्हणजे काय आणि सुटला म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला समजावून सांगायला नको. सोडला म्हणजे आपण होऊन नाव काढून घेतलं. सुटला म्हणजे पास झालो. आणि राहिला म्हणजे, कुणाचाही न राहो, नापास.

बाबांनी चुका तळहातावर काढल्या आणि पडद्यामागे शिलाई मशीनवर बसलेल्या आईला हाक घातली. "अगं ए, ऐकलंस का? सुटला! पोरीचा आकड्यांचा विषय सुटला!"

मशीन थांबलं. आई गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर आली. "इतक्यात? परीक्षा तर पुढे आहेत ना?"

"अगं, हुशार पोरांचं आधीच सुटत असेल. तुला काय कळतंय त्यातलं?"

त्यांना तरी कुठे कळत होतं? पण आनंदाच्या भरात असं विचारायचं नसतं. बाबांचं स्वतःचं गणित राहिलं होतं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत राहिलं, पुन्हा बसले, पुन्हा राहिलं, आणि मग ते थोरल्या काकांच्या हाताखाली जुने सोफे उसवायला लागले ते आजतागायत. कापड नुसतं पाहून सांगतील किती लागेल, बोटभरही वाया जाणार नाही. पण आई चिडली की अजून म्हणते, तुमचं गणित राहिलंय ते राहिलंयच. अशा माणसाच्या कानावर 'सुटला' पडलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मुंगीने खरं सांगणं पुढे ढकललं. आता सांगू, मग सांगू, जेवताना सांगू, असं करत रात्र झाली. तोवर शेजारच्या कुलूपवाल्याला, समोरच्या न्हाव्याला आणि खुर्ची न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला बातमी कळून चुकली होती. गिऱ्हाइकाला तर बाबांनी उशी फुकट दिली.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मुंगी एवढी का घाबरली होती ते कळायचं नाही. ती शिकत होती ती कॉलेजच्या आर्थिक मदतीवर. मदत नसती तर सोफ्यांच्या कमाईत ती फी निघाली नसती, निम्मीसुद्धा नसती. निम्मी फी घरून भरायची म्हणजे कॉलेज बंद, इतका साधा मामला होता. मदत मिळाली तेव्हा तिघंही कॉलेजात गेली होती. मदत कक्षातल्या मॅडमनी एका मोठ्या खोलीत सगळ्या नव्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना बसवून नियम सांगितले होते. मदत म्हणजे बक्षीस नाही, करार आहे, तुम्ही काही कबूल करता आणि आम्ही काही कबूल करतो, असं त्या म्हणाल्या होत्या. दर सत्रात पाच विषय हवेत. घरची कमाई बदलली तर कळवायचं, पत्ता बदलला तर कळवायचं, विषय बदलायचा किंवा सोडायचा तर आधी येऊन विचारायचं. आधी, यावर त्यांनी जोर दिला होता.

ऐकलं कुणी? आई पंख्याखालची जागा शोधत होती. बाबा सभागृहातल्या खुर्च्यांचे फोम दाबून बघत होते आणि मालाला नावं ठेवत होते. मुंगी शेजारच्या मुलीशी ओळख काढत होती. शेवटी 'मला वरील सर्व नियम समजले आहेत' याखाली तिने सही केली आणि बाबांनीही झोकात केली. समजले काय, वाचलेसुद्धा नव्हते.

मग सत्र सुरू झालं. चार विषयांत गाडी ठीक होती, पण स्टॅट्सने, म्हणजे संख्याशास्त्राने, तिच्या नाकी नऊ आणले. मधल्या चाचणीत गुण इतके कमी पडले की तिने तो कागद मैत्रिणीलाही दाखवला नाही. सर भले माणूस. त्यांनी तिला थांबवून सांगितलं, "अजून वेळ गेलेली नाही. या आठवड्यात नाव काढून घेतलंस तर गुणपत्रिकेवर नापास दिसणार नाही. पुन्हा कधीतरी कर." सर खोटं बोलले नाहीत. त्यांना गुणांचं माहीत होतं, ते त्यांनी सांगितलं. पैशाचं माहीत असलेली बाई दोन इमारती पलीकडे बसते, तिला विचार, हे त्यांना सुचलं नाही आणि हिला आठवलं नाही. खरं सांगायचं तर आठवलं होतं. पण विचारायला जायचं म्हणजे चाचणीचे गुण सांगायचे, आणि ते तिला कुणालाच सांगायचे नव्हते. तिने नाव काढून घेतलं आणि तिला दोन तास फार हलकं वाटलं.

पुढच्या आठवड्यात दुकानात फोन वाजला. मुंगीने संपर्कासाठी दुकानाचा नंबर दिला होता, कारण तिच्या फोनची बॅटरी मन मानेल तशी चालायची. ती तेव्हा मागे फोमचे तुकडे पोत्यात भरत होती. बाबांनी चुका काढून फोन घेतला.

"हो, तिचेच वडील बोलतोय... मदत कक्ष? बोला की मॅडम... काय? विषय? हो हो, सुटला ना! आम्हाला कळलंय... नाही, नाही, सोडला नाही हो. सुटला... अहो, सु-ट-ला!"

मुंगीच्या हातातून पोतं निसटलं. पांढरा भुगा सगळ्या फरशीवर झाला.

बाबांनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. "बघ, मोठमोठ्या कॉलेजांची ही तऱ्हा. म्हणे तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय, उद्या तिला पाठवा, एक विषय सोडल्याची नोंद आलीय, मदतीचं बघावं लागेल. अगं, कुणा टाइप करणाऱ्याने 'सुटला'चं 'सोडला' केलं असणार! एका अक्षराने माझ्या पोरीची मदत जायची वेळ आली. मी येतो उद्या तुझ्याबरोबर. तू भिडस्त, तू नुसती मान हलवून परत येशील."

"बाबा, तुम्ही कशाला... दुकान बंद ठेवावं लागेल."

"राहू दे बंद एक दिवस. त्यांना एक अक्षर शिकवूनच येतो."

आई पडद्याच्या फटीतून मुंगीकडे पाहत होती. आईला कशाचा तरी वास लागला होता, पण ती मशीनकडे वळली. मशीन पुन्हा चालू झालं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बसमध्ये मुंगीला खिडकीची जागा दिली आणि स्वतः दांड्याला लोंबकळत सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं भाषण तयार करत राहिले. मॅडम, तुमचा काही दोष नाही, चूक माणसाकडूनच होते, अशी गोड सुरुवात. मग जरा कडक. मुंगीने तीनदा तोंड उघडलं. एकदा कंडक्टर आला. एकदा बाबा म्हणाले, "थांब, मुद्दा विसरेन." तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाबा, मला काहीतरी सांगायचंय," आणि बाबा खाली वाकून हळूच म्हणाले, "घाबरू नकोस गं. मी आहे ना." त्यावर कुणाची काय हिंमत होणार? ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला स्वतःचा असा राग कधीच आला नव्हता.

मदत कक्ष म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लावून ओळीने खुर्च्या, पलीकडे काचेआड मॅडमचं टेबल. बाबा बसले ते नेमके फाटलेल्या खुर्चीवर. रेक्झिन उसवलेलं, आतला पिवळा फोम डोकावणारा. त्यांनी अंगठ्याने तो आत ढकलला, सोडला की पुन्हा बाहेर आला. "बघ, काय अवकळा आहे," ते कुजबुजले. त्यांना तेवढ्यातही बरं वाटलं.

नाव पुकारलं तशी दोघं आत गेली. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात, समोर थर्मास. बाबांनी नमस्कार केला आणि गाडी सुरू केली. "मॅडम, तुमचा काही दोष नाही. चूक माणसाकडूनच होते. पण एक अक्षर चुकलंय तुमचं. माझ्या मुलीने विषय सोडला नाही, तिचा विषय सु..."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण बाबा थांबले. मॅडमनी मुंगीकडे वळून विचारलं, "हे तुमचे वडील ना? तुमच्या विषयांची आणि मदतीची माहिती ही तुमची आहे. काल फोनवर मी जेवढं बोलले, तेवढंही बोलायला नको होतं. तुम्ही परवानगी दिलीत तरच मी यांच्यासमोर बोलू शकते. नसेल द्यायची, तर ते बाहेर बसतील आणि आपण दोघी बोलू. काय करायचं?"

बाबांचा आ वासला तो मिटेना. पहिली गोष्ट म्हणजे मुंगीला 'तुम्ही' म्हणणारं माणूस त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आणि दुसरी गोष्ट तर त्यांच्या टाळक्यातच शिरेना. "परवानगी? माझ्या पोरीबद्दल ऐकायला मला परवानगी?"

"त्या अठरा पूर्ण आहेत. सही त्यांची आहे. जबाबदारीही त्यांचीच."

मुंगीला कळलं की सुटकेचा रस्ता हा असा आयता समोर आला आहे. नको म्हणायचं, एवढंच. बाबा बाहेर त्या फाटक्या खुर्चीवर जाऊन बसतील. आत काय ते निस्तरायचं, बाहेर येऊन म्हणायचं, झालं बाबा, दुरुस्त केलं त्यांनी. बाबा खूश. न्हावी खूश. नियमात बसणारं होतं, आणि मॅडमही जन्मात कुणाला सांगणार नव्हत्या.

बाबा तिच्याकडे बघत होते. तो चेहरा अजूनही तिच्याच बाजूचा होता, तिच्यासाठी भांडायला आलेला.

"बसू दे त्यांना," मुंगी म्हणाली. मग तिला वाटलं, हे मॅडमच्या तोंडून त्यांनी ऐकायला नको. ती खुर्चीत वळली. "बाबा, अक्षर चुकलेलं नाही. सुटला नाही. मी सोडला. चाचणीत फार कमी पडले. नापास होईन म्हणून नाव काढून घेतलं. त्या दिवशी तोंडातून सुटला निघालं आणि तुम्ही एवढे खूश झालात की... मला पुन्हा सांगवलंच नाही."

बाबांची मान खाली गेली. ते टेबलाच्या कडेला निघालेली लाकडाची पट्टी नखाने दाबत बसले. लाज, राग आणि दुःख ही तिन्ही एकदम आली की त्यांना हाताला काहीतरी काम लागतं.

मॅडमनी त्यांना तेवढा वेळ दिला आणि मग कामाला लागल्या. त्यांच्या बोलण्यात ना दया होती ना ओरडा, आणि मुंगीला त्याचंच बरं वाटलं.

"मोजणी शुक्रवारी आहे. त्या दिवशी ज्याच्या नावावर जेवढे विषय, तेवढी मदत. पाचाचे चार झाले तर तुमची मदत निम्म्यावर येते. निम्मी फी परत भरावी लागेल. तुम्ही सोडण्याआधी आला असता तर हेच सांगितलं असतं."

"निम्मी आम्हाला नाही भरता यायची," मुंगी म्हणाली.

"म्हणून तर फोन केला. सोमवारपासून अर्ध्या सत्राचे काही वर्ग सुरू होतायत. शुक्रवारच्या आत एकात नाव घातलंत तर पुन्हा पाच होतील."

मुंगीचा जीव भांड्यात पडला. "मग चित्रकलेत घालते! जागा आहेत, मी फळ्यावर वाचलं."

"चित्रकला तुमच्या पदवीत धरत नाहीत. पदवीत न बसणारा विषय मदतीतही बसत नाही." मॅडमनी पडद्यावर बोट खाली खाली नेलं. "तुमच्या पदवीत बसणारा आणि जागा असणारा एकच दिसतोय."

"कुठला?"

"स्टॅट्स. तोच. अर्ध्या वेळात पूर्ण. रोज सकाळी सातला."

यावर हसावं की रडावं? मुंगीला दोन्ही येईना. ज्याच्यापासून पळून आली तोच दारात उभा, आणि तोही दुप्पट वेगाने.

"मॅडम, मी त्यात नक्की नापास होईन."

"होऊ शकता. मग नियम ऐका, आणि या वेळी नीट ऐका. घेतलेल्या विषयांपैकी दोन-तृतीयांश सुटायला हवेत. सोडलेलाही घेतलेल्यांत धरतात. म्हणजे तुमचे घेतलेले झाले सहा. चार सुटले तर मदत चालू राहते, पण तुम्ही काठावर असाल, आणि राहिलेला विषय पुढच्या सत्रात पुन्हा करावा लागेल. त्याला मदत मिळते, एकदाच. तीनच सुटले तर मी काही करू शकत नाही. म्हणजे स्टॅट्सच्या मागे लागून बाकीचे चार हातचे घालवायचे नाहीत. कळलं?"

तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. आवाज बसला होता. "म्हणजे मॅडम, पेपरला बसून राहिला तर चालतं. पण मधूनच उठून गेलं, तर चालत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "एकदा चालतं," त्या म्हणाल्या. "आणि उठायच्या आधी येऊन सांगितलं, तर पुष्कळ काही चालतं."

मुंगीने नाव घातलं. सही करायच्या आधी तिने पूर्ण पान वाचलं. मागे रांग खोळंबली, कुणीतरी खाकरलं, तरी वाचलं. न कळलेल्या दोन ओळी तिने मॅडमना विचारल्या.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले आणि बाहेर बघत राहिले. दुकान जवळ आलं तेव्हा म्हणाले, "नापास झाली असतीस तर मी काय मारणार होतो तुला? मी स्वतः काय दिवे लावलेत ते तुला माहीत नाही? पण मी त्या न्हाव्याला सांगितलं गं. कुलूपवाल्याला सांगितलं. आणि तू बाजूला उभी राहून ऐकत होतीस."

"चुकलं माझं, बाबा."

"चुकलंच."

एवढंच. मुंगीला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर आईने दोघांची तोंडं पाहिली आणि म्हणाली, "मला त्या दिवशीच कळलं होतं. परीक्षेआधी कधी सुटतो का विषय?" मग बाबांकडे वळून म्हणाली, "आणि तुम्हाला न्हाव्याकडे जायची लाज वाटत असेल तर केस वाढवा." बाबांनी खरंच केस वाढवले.

सकाळी सातचा वर्ग म्हणजे अंधारात उठणं आलं. मुंगी दुपारी घरी येऊन दुकानाच्या मागच्या बाजूला फोमच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची, कारण घरात झोप यायची. आधी बाकीचे चार, मग हा. बाबा आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलले. मग एक दिवस तोंडात चुका नसताना त्यांनी विचारलं, "काय असतं गं ते नेमकं?"

ती पाठ करत होती तेच तिने सोपं करून सांगितलं. नुसती सरासरी सांगून भागत नाही, एकेक आकडा सरासरीपासून किती लांब आहे तेही बघावं लागतं.

बाबांनी विचार केला. "म्हणजे सोफ्याचे चारही पाय सरासरीने बरोबर आहेत, असं मी सांगायचं. आणि गिऱ्हाईक मात्र डुगडुगतंय."

मुंगी इतक्या मोठ्याने हसली की आई मशीन थांबवून बघायला आली. चाचणीनंतर पहिल्यांदाच तिला त्या विषयातलं काहीतरी आतपर्यंत कळलं होतं. त्यानंतर बाबा रोज एखादा प्रश्न विचारू लागले. काहींची उत्तरं तिला यायची, काहींची नाही, आणि नाही येत असं ती सरळ म्हणायला लागली. नव्या वर्गाच्या मास्तरीणबाईंनाही ती तसंच म्हणायची. त्यांना त्याचं फार आश्चर्य वाटायचं.

अर्ध्या सत्रात पूर्ण विषय हा काही चेष्टेचा विषय नाही. चाचणीतल्यापेक्षा गुण वाढत होते, पण पुरेसे वाढतायत की नाही ते शेवटपर्यंत कळेना. परीक्षेच्या दिवशी ती घंटा होईपर्यंत बसून राहिली. अर्धी पोरं लवकर उठून गेली, ही उठली नाही. येत नव्हतं तिथेही तिने काहीतरी लिहिलं.

निकाल लागला त्या दिवशी बाबा एका मोठ्या सोफ्याची पाठ चढवत होते. कापड एका हाताने ताणून धरलेलं, तोंडात चुका. मुंगी दारात आली. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून कान टवकारून होता, कारण निकालाचा दिवस आईने त्याला सांगून ठेवला होता. मुंगीने त्याच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम दारातच थांबली.

"बाबा, चार सुटले. स्टॅट्स राहिला. थोडक्यात राहिला, पण राहिला."

बाबांच्या हातातलं कापड सैल झालं. त्यांनी चुका तळहातावर काढल्या. मुंगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि या वेळी तिने नजर हलवली नाही.

"अगं ए!" बाबांनी पडद्याकडे तोंड करून हाक घातली, पहिल्यासारखीच, गल्लीभर जाईल अशी. "ऐकलंस का? राहिला! पोरीचा स्टॅट्स राहिला! शेवटपर्यंत बसून राहिला!"

मशीन थांबलं. समोर वस्तरा थांबला. आई बाहेर आली, दोघांकडे बघितलं आणि डोक्याला हात लावून म्हणाली, "आता या घरात दोघांचं राहिलंय. धन्य आहे बाई."

"दोघांचं नाही," बाबा म्हणाले. "माझं राहिलंय. हिचं पुढच्या सत्रात सुटणार." मग हातातल्या चुका पुन्हा तोंडात टाकता टाकता ते थांबले. "उद्या सकाळी त्या मॅडमना जाऊन सांग. त्यांचा फोन यायच्या आधी. मी येऊ बरोबर?"

"नको," मुंगी म्हणाली. "मी जाईन."

बाबांनी मान हलवली. "बरं. मग जाताना तेवढी खुर्ची बघून ये, माप घेऊन ये सीटचं. उगीच फाटकी ठेवलीय." त्यांनी चुका तोंडात घेतल्या, मोकळ्या हाताने मुंगीला खूण केली, आणि तिने पुढे होऊन कापडाचं दुसरं टोक धरलं.